मागील पानावरून पुढे

रात्री साडेअकराला भाचीचा फोन. मुक्ता राहते ठाण्याला, नोकरी अंधेरीला. ठाण्याहून घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रो, आणि या सगळ्या धकाधकीत मोबाइलवर काहीतरी बघणं चालू. काय बघू, असं तिनेच विचारलं होतं म्हणून मी एक नाव सुचवलं होतं. त्याचं फळ आता मिळत होतं.

"मामा, काय बघायला लावलंस तू मला! तो कॅप्टन दुसऱ्याच कुणाचं आख्खं आयुष्य जगून येतो. बायको, मुलं, नातू, म्हातारपण, सगळं. आणि पुढच्या भागात कडक गणवेशात ड्यूटीवर हजर! याला काही आठवतच नाही का?"

मी सुचवला होता 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अवकाशजहाजावरच्या अमेरिकन मालिकेचा १९९२ सालचा 'द इनर लाइट' हा भाग. कॅप्टन पिकार्ड एका अनोळखी यंत्राच्या प्रभावाने जहाजावर बेशुद्ध पडतो. जहाजावर जेमतेम २५ मिनिटं जातात, पण तेवढ्यात तो एका कधीच नष्ट झालेल्या ग्रहावर तीन-चार दशकं जगतो. तिथे लग्न करतो, बासरी शिकतो, नातवाला खेळवतो. जागा झाल्यावर त्याच्या हातात तेवढी बासरी उरते. या भागाला विज्ञानकथांसाठीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो टीव्हीवरच्या विज्ञानकथांमधल्या सर्वांत चांगल्या ४५ मिनिटांपैकी आहे. आणि मुक्ताची तक्रारही शंभर टक्के खरी आहे. पुढच्या भागात पिकार्डला त्याचं काहीही नसतं. साधारण वर्षभराने एका भागात ती बासरी पुन्हा बाहेर निघते, बस.

"अगं, तेव्हा तसंच असायचं," असं म्हणून मी फोन ठेवला. पण हे काही उत्तर नव्हे. तसं का असायचं, आणि आता का नसतं, हे नीट सांगायला हवं.

सुरुवातीलाच शब्दांचा घोळ आहे. आपल्याकडे टीव्हीवर रोज किंवा दर आठवड्याला लागेल ते सगळं 'सिरीयल'. 'सी.आय.डी.' सिरीयल, 'आभाळमाया' सिरीयल, 'रामायण'सुद्धा सिरीयलच. इंग्रज लोक 'सिरीज' आणि 'सिरीयल' असा फरक करत. सिरीजमध्ये पात्रं तीच, गोष्ट दर वेळी नवी. सिरीयलमध्ये एकच गोष्ट भागाभागांनी पुढे सरकते. मी इथे पहिल्या प्रकाराला सुटी गोष्ट म्हणतो आणि दुसऱ्याला सलग गोष्ट.

गिरगावात आमच्या चाळीखाली वाण्याचं दुकान होतं. तिथे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. एक रोखीचं. पैसे दिले, साखर घेतली, विषय संपला, उद्या पुन्हा कोरी पाटी. दुसरं खात्याचं. त्याच्या नावाची वही असायची, आणि प्रत्येक नव्या पानाच्या डोक्यावर वाणी लिहायचा, 'मागील पानावरून पुढे', शेजारी बाकीचा आकडा. सुटी गोष्ट म्हणजे रोखीचा व्यवहार. सलग गोष्ट म्हणजे खातं. पिकार्डची चाळीस वर्षं रोखीत संपली, म्हणून मुक्ता भडकली.

आता खातं ठेवायचं म्हटलं की प्रश्न येतो, वही कुणाकडे? मालिकेने लक्षात ठेवायचं की प्रेक्षकाने? माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. लेखकाच्या प्रतिभेचा भाग नंतर येतो. आधी पाहावं लागतं की गोष्ट प्रेक्षकापर्यंत कुठल्या वाटेने पोहोचते.

मूळ 'स्टार ट्रेक' सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेत एनबीसीवर सुरू झाली आणि तीन मोसमांत ७९ भाग होऊन बंद पडली. त्या काळी ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर नसलात तर तो भाग गेला. पुनःप्रक्षेपण झालंच तर नशीब. रेकॉर्डर घरोघरी नव्हते. अशा वेळी 'गेल्या आठवड्यात काय झालं ते आठवतंय ना?' असं प्रेक्षकाला विचारणंच चूक, कारण निम्मे लोक गेल्या आठवड्यात नव्हतेच.

दुसरं कारण शुद्ध धंद्याचं. पहिल्या प्रक्षेपणातून निर्मात्याचा खर्च बऱ्याचदा निघत नसे. खरी कमाई नंतर, जेव्हा जुने भाग गावोगावच्या लहान वाहिन्यांना विकले जात. त्या वाहिन्या ते सोमवार ते शुक्रवार रोज एक असे दाखवत. शंभर भाग हाताशी असले की वीस आठवड्यांची बेगमी होते, म्हणून शंभर हा आकडा त्या धंद्यात पवित्र मानला जायचा. 'स्टार ट्रेक' ७९ वरच अडली, तरी या पुनःप्रक्षेपणांतच ती खरी लोकप्रिय झाली. पण त्या वाहिन्यांनी भाग क्रमाने लावावेत अशी सक्ती करणार कोण? चाळिसावा आधी, बारावा नंतर. म्हणून अलिखित नियमच झाला की भाग सुरू होताना जहाजावर जे आणि जसे आहेत, तेच आणि तसेच भाग संपताना असले पाहिजेत. मधल्या वेळात काय हवा तो धुमाकूळ घाला, जाताना खोली आवरून जा.

आम्ही ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिली. टीव्ही शेजारच्या काकांकडे, आम्ही सात-आठ पोरं जमिनीवर. इंग्रजी फारसं कळायचं नाही. कधी कुणाची मुंज, कधी गणपतीची धावपळ, कधी काकांनाच पाहुणे, म्हणून मधले कितीतरी भाग चुकले. काही बिघडलं नाही. पुढच्या रविवारी कर्क होता, स्पॉक होता, नवा ग्रह होता.

थोड्याच दिवसांनी, १९८७ मध्ये, रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं. ते तर सलग गोष्टच होतं, आणि तेही आख्ख्या देशाने पाहिलं. मग सलग गोष्ट लोकांना पेलत नाही असं कसं म्हणायचं? मला वाटतं याचं उत्तर सोपं आहे. 'रामायणा'ची वही आधीच घरोघरी भरलेली होती. वनवासाचा भाग चुकला म्हणून कुणाला सीता लंकेत कशी पोहोचली हे विचारावं लागलं नाही. आजीने ती वही लहानपणीच पाठ करून घेतली होती. विज्ञानकथेचं दुखणं नेमकं उलटं. तिथे ग्रह नवा, माणसं नवी, नियम नवे, शत्रूचं नावसुद्धा जीभ वळणार नाही असं. प्रेक्षकाच्या डोक्यातली वही कोरी. म्हणून ज्या काळात भाग चुकणं हेच रोजचं होतं, त्या काळात सलग विज्ञानकथा म्हणजे निर्मात्याच्या दृष्टीने आत्महत्याच.

शोध लागला की तो परत जात नाही

सुटी गोष्ट गुन्ह्यांच्या मालिकेला सोसते. 'सी.आय.डी.'त या आठवड्याचा खुनी पकडला गेला, पुढच्या आठवड्यात नवं प्रेत. पहिल्या खुनाचा दुसऱ्याशी संबंध असायचं कारणच नाही. विज्ञानकथेत मात्र हीच विसराळू पद्धत डोळ्यांत खुपते, कारण विज्ञानकथेत शोध लागतात. आणि लागलेला शोध जगात राहतो. मंगळवारी माणसाने चाक शोधलं तर बुधवारी तो ओझं डोक्यावरून नेताना दिसू नये.

उदाहरण घेऊ. मूळ 'स्टार ट्रेक'च्या एका भागात एक द्रव मिळतो, तो पोटात गेला की माणूस इतक्या वेगाने हालचाल करतो की इतरांना दिसतच नाही. उताराही सापडतो. म्हणजे आता प्रत्येक संकटात हवं तेव्हा वेग वाढवा, काम करा, परत या. पुढे कधी वापरलं? नाही. आणखी मोठं उदाहरण १९९३ चं. 'नेक्स्ट जनरेशन'च्या 'फोर्स ऑफ नेचर' भागात असं सिद्ध होतं की ज्या इंजिनाच्या जोरावर सगळी जहाजं प्रकाशापेक्षा वेगाने धावतात, त्याच इंजिनामुळे अवकाशाची वीण उसवते आहे. लगेच नियम होतो की आणीबाणी सोडून 'वॉर्प पाच'च्या वर कुणी जायचं नाही. वाहतुकीवर उभ्या असलेल्या संस्कृतीला हा केवढा धक्का! मुंबईत उद्यापासून लोकल फक्त अर्ध्या वेगाने धावतील असं जाहीर झालं तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. मालिकेत त्यानंतर एक-दोनदा 'वेगमर्यादा ओलांडायची परवानगी मिळाली आहे' असं वाक्य आलं, आणि मग तो प्रश्न हळूच दाराबाहेर गेला.

याची कमाल 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर'मध्ये झाली, १९९५ ते २००१. कल्पना फक्कड होती. जहाज घरापासून ७०,००० प्रकाशवर्षांवर फेकलं गेलंय, परतायला ७५ वर्षं, वाटेत ना दुरुस्तीचा तळ, ना रसद. सुरुवातीच्याच एका भागात कळतं की जहाजावर ३८ टॉर्पीडो आहेत आणि संपले की नवे मिळायची सोय नाही. आता चाहते हे चाहते असतात. त्यांनी वह्या काढल्या आणि सुटलेला प्रत्येक टॉर्पीडो मोजला. आकडा ३८ च्या बराच पुढे गेला तरी जहाज आपलं सोडतंय टॉर्पीडो! दर आठवड्याला जहाजाच्या चिंध्या व्हायच्या आणि पुढच्या आठवड्यात ते गॅरेजमधून आल्यासारखं चकचकीत. खात्याची गोष्ट रोखीने सांगायला गेलं की असं होतं. गोष्टीचा पायाच टंचाई असेल, तर हिशेब ठेवावाच लागतो.

तरीही सुटी गोष्ट म्हणजे खालची गोष्ट नव्हे

हल्ली असं बोलायची फॅशन आहे की पूर्वीच्या मालिका पोरकट, आताच्या 'कादंबरीसारख्या'. मला हे पटत नाही. विज्ञानकथेचा जीव एका प्रश्नात असतो, 'असं झालं तर?' बहुतेक प्रश्नांचा आवाका पाऊण तासाचाच असतो. 'ट्वायलाइट झोन'ने १९५९ ते १९६४ या काळात १५६ भाग केले आणि त्यात पात्रंसुद्धा दर वेळी नवी. प्रश्न मांडायचा, पिळायचा, शेवटी टाचणी टोचायची आणि बाहेर पडायचं. दिवाळी अंकातल्या चांगल्या कथेसारखं.

आणि 'द इनर लाइट' तरी कसा शक्य झाला? उद्या पाटी पुसली जाणार हे माहीत होतं म्हणूनच लेखक पिकार्डला एवढं मोठं दुःख देऊ शकले. हिशेब ठेवायचा असता तर पुढचे दहा भाग तो माणूस जहाज चालवण्याच्या लायकीचा उरला नसता, आणि मग कुणीतरी बैठकीत म्हटलं असतं, 'चाळीस वर्षं नको, चार दिवस करा.' विसरायची मुभा असली की मोठी मोडतोड करता येते. मुक्ताला हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प होती, एवढंच सांगतो.

आणखी एक फायदा सहसा कुणी बोलत नाही. गोष्ट सुटी असली की बाहेरचा माणूस आत येऊ शकतो. मूळ 'स्टार ट्रेक'साठी थिओडोर स्टर्जन, रॉबर्ट ब्लॉक, हार्लन एलिसन अशा नावाजलेल्या विज्ञानकथाकारांनी भाग लिहिले. 'नेक्स्ट जनरेशन'ने तर हौशी लेखकांच्या संहिताही वाचायला घेतल्या. त्याच दाराने रोनाल्ड मूर नावाचा एक तरुण आत आला. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. सलग गोष्टीत असा पाहुणा लेखक चालत नाही. कालच्या आणि उद्याच्या भागात काय आहे हे ज्याला माहीत नाही, त्याने आजचा भाग लिहायचा कसा?

खर्चाचं गणित मात्र सुट्या गोष्टीच्या विरुद्ध जातं. दर आठवड्याला नवा ग्रह म्हणजे दर आठवड्याला नवा सेट, नवे कपडे, नवे कान. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं एका क्षणात ग्रहावर प्रकट होतात ते यंत्र भविष्यवेधी वगैरे नंतर ठरलं. मुळात दर भागात जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं म्हणून काढलेली ती युक्ती. हे कळल्यापासून ती चमचम दिसली की मला हिशेबनीसच आठवतो.

वेताळाने हे आधीच सोडवलं होतं

सुटं की सलग, हा प्रश्न आपल्या लोकांनी टीव्हीच्या कितीतरी शतकं आधी सोडवून ठेवलाय. वेतालपंचविशी घ्या. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, प्रेतातला वेताळ एक गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. राजा उत्तर देतो, मौन मोडतं, वेताळ पुन्हा झाडावर. प्रत्येक गोष्ट संपूर्ण सुटी. नववी आधी वाचली आणि चौथी नंतर, तरी काही अडत नाही. 'चांदोबा'त आम्ही ती तशीच वाचली, हाताला लागेल त्या महिन्याचा अंक घेऊन. पण बाहेर एक मोठी गोष्ट चालूच असते. हे प्रेत मागवणारा योगी कोण, त्याला ते कशाला हवंय? शेवटच्या कोड्याला राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हा कुठे ती बाहेरची गोष्ट पुढे सरकते. वेताळच योग्याचा कट सांगून राजाचा जीव वाचवतो.

यातली खरी कारागिरी बघा. पाटी पुसली जाण्याचं कारण गोष्टीच्या आतच आहे! राजा बोलला म्हणून वेताळ झाडावर गेला. 'व्हॉयेजर'चं जहाज आपोआप का दुरुस्त होतं याला गोष्टीत कारण नाही, ते आपण समजून घ्यायचं. वेताळाला अशी सवलत लागत नाही.

१९९३ साली सुरू झालेल्या 'द एक्स फाइल्स'ने हेच सूत्र धरलं. बहुतेक आठवड्यांना नवं भूत, नवा राक्षस, नवी विचित्र केस. चाहते त्यांना 'आठवड्याचा राक्षस' म्हणत. आणि मधूनमधून परग्रहवासी, सरकारी कट, नायकाची हरवलेली बहीण या मोठ्या गोष्टीचे भाग. गंमत अशी की आज लोकांना प्रेमाने आठवतात ते बहुतेक सुटे भाग. मोठ्या गोष्टीत इतक्या गाठी मारल्या गेल्या की शेवटी त्या मारणाऱ्यालाच सुटेनात. योगी किती दिवस स्मशानात बसवून ठेवायचा याला मर्यादा असते. आपल्याकडे १९९८ साली मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' आला, त्याचंही तंत्र हेच होतं. तुरुंगातून पळालेले गुन्हेगार एकेक करून पकडायचे. यादी ही सलग, प्रत्येक शिकार सुटी.

ब्रिटिशांचा 'डॉक्टर हू' मधल्या वाटेने गेला. २३ नोव्हेंबर १९६३ ला तो बीबीसीवर सुरू झाला तेव्हा प्रत्येक कथा चार-सहा अर्ध्या तासांच्या भागांत वाटलेली असे. दर शनिवारी कुणीतरी संकटात अडकणार आणि 'क्रमशः'. महिन्या-दीड महिन्यात ती कथा संपली की नवा ग्रह, नवं शतक. भाग चुकला तर तोटा महिन्याभराचा, जन्माचा नव्हे.

पाच वर्षांचा करार

मग एका माणसाने ठरवलं की पूर्ण खातंच उघडायचं. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की. त्याच्या 'बॅबिलॉन ५' या अवकाशस्थानकावरच्या मालिकेचा पहिला चित्रपट-भाग १९९३ मध्ये आला, नियमित मालिका १९९४ ते १९९८. त्याने आधीच सांगितलं होतं की ही पाच वर्षांची एक गोष्ट आहे, तिला आरंभ, मध्य आणि शेवट आहे. ११० पैकी ९२ भाग त्याने स्वतः लिहिले. तिसरा आणि चौथा मोसम तर एकट्याने, संपूर्ण. असं काम करणाऱ्या माणसाच्या घरच्यांची मला दया येते.

पण टीव्ही म्हणजे कादंबरी नव्हे. कादंबरीतलं पात्र नोकरी सोडून जात नाही. पहिल्या मोसमानंतर नायक कमांडर सिंक्लेअरचं काम करणारे मायकेल ओ'हेअर प्रकृतीच्या कारणाने बाहेर पडले. आता? सलग गोष्टीचा मुख्य खांबच गेला. स्ट्रॅझिन्स्कीने अशी वेळ ओळखून प्रत्येक पात्रासाठी एक चोरदरवाजा ठेवला होता. कुठलंही पात्र जावं लागलं तर त्याच्या वाटची गोष्ट दुसरीकडे कशी वळवायची, याची तयारी. नवा कॅप्टन आला आणि सिंक्लेअरला दूर वकिलातीत पाठवलं. पहिल्या मोसमात एक भाग आहे. चार वर्षांपूर्वी गायब झालेलं अवकाशस्थानक अचानक पुन्हा दिसतं आणि आपल्याला अर्धवटच काहीतरी कळतं. १९९६ मध्ये दोन भागांची कथा आली, ओ'हेअर तेवढ्यापुरते परतले, आणि त्याच घटनेची दुसरी बाजू उलगडली. दोन वर्षांपूर्वी विनाकारण वाटलेली वाक्यं जागच्या जागी बसली. मी हे नंतर, कुणाकडून तरी मिळालेल्या सीडींवर, एका पावसाळ्यात सलग पाहिलं. ज्यांनी दोन वर्षं थांबून पाहिलं, त्यांचा हेवा वाटतो.

शेवट मात्र टीव्हीने आपला हिसका दाखवलाच. चौथ्या वर्षी मालिका बंद पडणार अशी चिन्हं दिसली. म्हणून पाचव्या वर्षाचं सामान चौथ्यातच कोंबलं, शेवटचा भागही चित्रित करून टाकला. आणि मग दुसऱ्या वाहिनीने पाचवं वर्ष दिलं! तो शेवटचा भाग कपाटात ठेवून पाचवं वर्ष भरायची वेळ आली. बऱ्याच जणांसारखं माझंही मत आहे की ते वर्ष फिकं पडतं. वाढप संपल्यावर पुन्हा पंगत बसली की असंच होणार.

सलग गोष्टीचा दुसरा शत्रू म्हणजे वाहिनीचा उताविळेपणा. 'फायरफ्लाय' ही अवकाशातली मालिका २००२ मध्ये फॉक्स वाहिनीवर आली. १४ भाग चित्रित झाले, ११ दाखवले, आणि तेही उलटसुलट. ज्या पहिल्या भागात सगळ्या पात्रांची ओळख होते तो डिसेंबरमध्ये, सगळ्यांत शेवटी लागला! वहीची पानं फाडून, पिसून वाचायला दिल्यासारखं.

आणि तिसरा शत्रू आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, पाणी घालणं. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली आणि चार दिवस पुरे व्हायला २०१३ उजाडलं, ३,००० च्या वर भाग. टीआरपी आहे तोवर गोष्ट संपवायची नाही, मग खात्यात नुसत्या रकमा चढत राहतात, कधी बेरीज मारायचीच नाही. मात्र आपल्या रोजच्या मालिकांना एक शहाणपण आहे, ते मान्य करायला हवं. तिथे वही प्रेक्षकाकडे देतच नाहीत. सून जिन्यावरून पडली की तो धक्का सात चेहऱ्यांवर तीन-तीनदा दाखवतात, पात्रं तेच दुसऱ्या दिवशी फोनवर एकमेकांना सांगतात. दोन दिवस गावाला जाऊन आलात तरी बाई अजून जिन्यावरच. आपण हसतो, पण भाजी निवडताना बघणाऱ्यासाठी केलेली ती सोय आहे. विज्ञानकथेत 'लॉस्ट'वर ही वेळ आली होती. बेट, रहस्यं, प्रश्नांवर प्रश्न, आणि शेवट कधी हे कुणालाच माहीत नाही. शेवटी २००७ मध्ये निर्मात्यांनी वाहिनीकडून तारीखच मागून घेतली. आणखी ४८ भाग, आणि २०१० मध्ये समाप्त. शेवट कुठे आहे हे कळल्याशिवाय मध्य लिहिता येत नाही.

वही प्रेक्षकाच्या हाती

मग हे चित्र पालटलं कशाने? आधी डीव्हीडीच्या संचांनी, नंतर इंटरनेटने. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने एका मालिकेचे १३ भाग एकाच दिवशी मोकळे केले, आणि 'भाग चुकला' हे वाक्यच कालबाह्य झालं. २०१६ मध्ये ही सेवा भारतात आली. आता निर्माता निर्धास्तपणे प्रेक्षकाला म्हणू शकतो की वही तू ठेव. विसरलास तर मागे जाऊन बघ.

याने एक आजार गेला आणि दुसरा आला. निर्माते अभिमानाने सांगू लागले की आमची मालिका म्हणजे दहा तासांचा सिनेमा. अहो, पण सिनेमा दोन तासांचा असतो त्याला कारण आहे! दोन तासांची गोष्ट दहा तास ताणली की चौथ्या ते सातव्या भागापर्यंत माणसं बोगद्यातून चालताना दिसतात. कुठला भाग कुठला हे नंतर सांगता येत नाही. 'द इनर लाइट' हे नाव मला तीस वर्षांनी आठवतं. गेल्या वर्षी पाहिलेल्या एका मालिकेचा पाचवा भाग कशावर होता, हे विचारलंत तर मी विषय बदलीन.

दुसरी गंमत म्हणजे, भाग एकदम मिळतात, पण मोसमांमधली दरी वाढत चालली आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज' २०१६, २०१७, २०१९, २०२२ आणि २०२५ मध्ये आली. म्हणजे पूर्वी एक आठवडा लक्षात ठेवणं अवघड म्हणून सुट्या गोष्टी केल्या, आणि आता तीन-तीन वर्षं लक्षात ठेवायला सांगतात. शाळेतली पोरं दाढीमिश्यांनिशी परत येतात आणि आपण 'हा कोण?' म्हणून शेजारच्याला विचारतो.

म्हणून असेल, पण काही जण उलटे फिरलेत. 'स्टार ट्रेक'चंच २०१७ चं 'डिस्कव्हरी' सलग होतं, २०२२ चं 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' पुन्हा सुट्या गोष्टींकडे वळलं. पण साठच्या दशकातल्यासारखं नव्हे. संकट त्या भागात मिटतं, माणसाच्या मनातलं मात्र मिटत नाही. त्यातल्या कॅप्टन पाइकला स्वतःचं भीषण भविष्य आधीच कळलेलं आहे. ग्रह कुठलाही असो, ते ओझं तो सोबत घेऊन फिरतो. घटना रोखीत, मन खात्यात. मला स्वतःला हाच सौदा सगळ्यांत पटतो. 'स्टार वॉर्स'च्या जगातल्या 'अँडोर' मालिकेने तिसरीच वाट धरली. तीन-तीन भागांची एकेक कथा, आणि २०२५ च्या दुसऱ्या मोसमात प्रत्येक तिकडी आधीच्या तिकडीनंतर वर्षभराने सुरू होते. फार नवं म्हणून त्याचं कौतुक झालं. 'डॉक्टर हू'मधल्या डॉक्टरने ते पाहिलं असतं तर गालात हसला असता.

राहिला तो रोनाल्ड मूर. 'नेक्स्ट जनरेशन'नंतर त्याने 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन'वर काम केलं. तिथे जहाजाऐवजी एका जागी उभं असलेलं स्थानक होतं, त्यामुळे केलेल्या कर्माची फळं सोडून पुढच्या ग्रहावर पळता येत नव्हतं, आणि मालिका हळूहळू एका लांबलचक युद्धाच्या सलग गोष्टीत शिरली. मग तो 'व्हॉयेजर'वर गेला आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडला. एवढं हरवलेलं जहाज इतकं स्वच्छ कसं, ही त्याची उघड तक्रार होती. पुढे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्याने करायची संधी मिळाली तेव्हा त्याने ती तक्रार गोष्टीतच उतरवली. मानवजात जवळजवळ संपली आहे, उरलेली माणसं जहाजांच्या ताफ्यातून पळताहेत. राष्ट्राध्यक्ष बाईंच्या जहाजावर एक पांढरा फळा आहे आणि त्यावर जिवंत माणसांचा आकडा. माणूस मेला की आकडा पुसून कमी करायचा. तोच आकडा दर भागाच्या शीर्षकात झळकतो.

मुक्ताला मी त्याचा '३३' हा भाग पाठवला. शत्रू दर ३३ मिनिटांनी हल्ला करतो, पाच दिवस कुणी झोपलेलं नाही. सुरुवातीला फळ्यावर ५०,२९८.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरिवलीहून चर्चगेट फास्टला कसाबसा आत घुसलो होतो. हात वर करायला जागा नव्हती, त्यामुळे फोन वाजून वाजून थांबला. दादरला गर्दी उतरल्यावर पाहिलं तर मुक्ताचा मेसेज.

"मामा, शेवटी त्या बाई फळ्यापाशी जातात ना, मला वाटलं आणखी कुणीतरी गेलं. ४७,९७२ होता, पुसून ४७,९७३ केला. बाळ झालंय ताफ्यात कुणाला तरी! घाटकोपरला उतरायचं राहिलं माझं. कांजूरमार्ग गेलं, विक्रोळी गेलं, सगळं बघितलं, पण घाटकोपर कधी गेलं कळलंच नाही. कुर्ल्याला आहे. ऑफिसला उशीर होणार."

खाली लगेच दुसरा.

"पुढच्या भागात हाच आकडा असेल ना नक्की?"